येते म्हणून निघाले

"डोळे खाली," टेबलामागची बाई मान वर न करताच म्हणाली.

मी चटकन डोळे खाली केले. पायांत नवी चप्पल होती, अंगठ्याला करकचून बसलेली. तिच्याकडे बघत उभी राहिले. मुलाखतीला असंच उभं राहायचं असेल, मला काय ठाऊक!

"अहो, डोळे खाली म्हणजे दवाखाना खाली. डोळ्यांचा. पहिला मजला. हा दुसरा."

"मी मुलाखतीला आलेय. वैजयंता आहेर. चांदवडहून."

आता बाईंनी मान वर केली. "आहेर? इथं लग्न नाही बाई कुणाचं. 'कृपया आहेर आणू नये' अशी पाटी लावायची राहिलीच की आमची!" आणि स्वतःच्याच विनोदावर अशा खळखळून हसल्या की मलाही हसू आलं. "बसा. पाणी त्या माठात आहे. सर यायचेत अजून."

त्या अलकाताई पगारे. त्या कचेरीतला फोन त्याच, चहा त्याच, टपालही त्याच. नाशकात शरणपूर रोडला, डोळ्यांच्या दवाखान्यावर तीन खोल्यांत थाटलेली ती कंपनी शाळांचे निकाल आणि गुणपत्रिका कॉम्प्युटरवर काढून द्यायची. सन दोन हजारची दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. दवाखान्याच्या औषधाचा वास जिन्यातून वर यायचा. आजही तो वास कुठं आला की माझे तळहात घामेजतात, आणि खरं सांगते, मला तो वास आवडतो.

पत्रात वेळ दहाची होती. साडेनऊलाच मी पोचले होते. साडेअकरा वाजले तरी बोलावणं नाही. मांडीवरची वही उघडत होते, मिटत होते.

त्या वहीत माझे सगळे प्रोग्राम होते. बी.एस्सी. झाल्यावर तालुक्याच्या क्लासला मी कॉम्प्युटर शिकले. तिथं अकरा पोरींत एक यंत्र, आठवड्याला माझ्या वाट्याला अर्धा तास. उरलेला आठवडा मी वहीत प्रोग्राम लिहायची आणि मनातल्या मनात चालवून बघायची. कुठं अडकला की भाकरी थापता थापता थांबायची. आई म्हणायची, "तव्यावरची जळली बघ, कुठं गेलीस?" मी असायची तिसऱ्या ओळीवर.

माझे वडील, नाना, एस.टी.त कंडक्टर. त्यांचं बोलणं तिकिटाएवढं. आदल्या रात्री एवढंच म्हणाले, "उद्या शनिवार, जाऊन ये नाशिकला. झालं तर झालं. नाहीतर सोमवारी मामासंगं दूध संघात." रामनाथमामानं खूप खटपट करून तिथं टायपिस्टची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. सोमवारी अकराला हजर व्हायचं होतं. म्हणजे शनिवार हातचा गेला, की कॉम्प्युटर गेला. वही तेवढी उरणार.

बाराला आत बोलावलं. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा, चष्मेवाला मुलगा बसला होता. चिन्मय गद्रे. त्यानं माझा अर्ज हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

हे मी पाठ करून आले होते. "माय नेम इज" म्हणाले आणि लाइट गेली. पंखा कुरकुरत थांबला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी "गेलं, गेलं, सेव्ह नव्हतं केलं!" असं ओरडलं. चिन्मय धावत बाहेर गेला. तो पाऊण तासानं परत आला.

मधल्या वेळात सर आले. शेषाद्री सर. सेलमचे, वर्षापूर्वीच नाशकात आलेले. उंच, सावळे, कपाळाला बारीक गंधाची रेघ. खुर्चीत बसले, अर्ज बघितला आणि म्हणाले, "सो, टेल मी अबाउट युवरसेल्फ."

पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकत होते, पण कान शेजारच्या खोलीकडे. अध्येमध्ये मराठी बोलायचे. "तुम्ही चहा पितो का?" मी नको म्हणाले. खरं तर हवा होता.

चिन्मय आला तो हातात कागद घेऊन. "लाइट नाहीये, मशीनवर टेस्ट घेता येणार नाही. पेपरवर लिहावं लागेल. जमेल?"

"मला कागदावरच जमतं," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी विनोद करतेय. "फनी," तो म्हणाला. कागदावर एका वर्गातली चाळीस मुलांची नावं होती. ती क्रमानं लावणारा प्रोग्राम लिहायचा होता.

मी नावं वाचली आणि विचारलं, "क्रम एबीसीडीचा की बाराखडीचा?"

"काय फरक पडतो?"

"पडतो ना. गुणपत्रिका मराठीत असेल तर हजेरी बाराखडीनं लागते. आणि मुली शेवटी घ्यायच्या का? आमच्याकडं आधी मुलं, मग मुली. आणि हा ज्ञानेश्वर... हा 'ज'मध्ये बसवायचा का शेवटी?"

चिन्मयनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, मुलाखत कोण घेतंय? प्रश्न आम्ही विचारायचे असतात."

मी गप्प लिहायला लागले. पण ज्ञानेश्वर काही माझ्या मनातून जाईना. एकट्या त्याच्यासाठी मी दहा ओळी जास्त लिहिल्या. कागद दिला. चिन्मयनं वरवर पाहिला, म्हणाला, "एवढं कशाला लांबवलंय?" आणि दोघं इंग्रजीत आपापसात काहीतरी बोलले. "जेवून या," मला सांगितलं. "आफ्टर लंच."

जिन्यात बसून मी भाकरी सोडली. खालच्या पायरीवर डोळ्यांत औषध घातलेली एक म्हातारी डोळे मिटून बसली होती. तिनं वासावरून ओळखलं. "मिरचीचा ठेचा का गं?" अर्धी भाकरी तिला दिली. डोळे न उघडता तिनं ती खाल्ली आणि म्हणाली, "तुझा डोळा कंचा, डावा का उजवा?" मी म्हणाले, "दोन्ही."

तीन वाजले. शनिवार म्हणून अलकाताई अर्ध्या दिवसानं घरी गेल्या. चिन्मय स्कूटरवरून कुठल्याशा शाळेत गेला. मी आणि पंखा. पंखा बंदच. चारला शेषाद्री सरांनी आत बोलावलं. त्यांच्यासमोर बहुतेक दुसरेच कागद होते. चेहरा दमलेला. म्हणाले, "येस. टेल मी अबाउट युवरसेल्फ."

मी मराठीत म्हणाले, "सर, सकाळपासून मी तीच आहे."

त्यांना किती समजलं कोण जाणे. वर पाहिलं, अर्ज उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग सावकाश म्हणाले, "वी विल लेट यू नो."

कळवू. हा शब्द मला नवा नव्हता. मोठ्या बहिणीला पाहायला तीन ठिकाणची माणसं आली, कांदेपोहे खाल्ले, 'कळवतो' म्हणाली आणि त्यांचं पत्र कधी आलं नाही. कळवू म्हणजे काय ते आमच्या घरच्या मांजरालाही कळतं.

मी उठले. वही छातीशी धरली. आईनं लावलेली सवय अशा वेळीही सुटत नाही. म्हणाले, "येते मी."

सर दचकले. "येते?"

"हो सर. येते."

"ओ," ते म्हणाले. आणखी काहीतरी म्हणणार होते, पण मी दारापर्यंत पोचले होते.

आमच्या घरात 'जाते' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. नाना रोज पहाटे खाकी चढवून, तिकिटांची पेटी काखेला मारून निघायचे, 'येतो गं' म्हणायचे आणि आई दारात उभी राहायची. लहानपणी मी एकदा शाळेला निघताना 'जाते' म्हणाले, तर आईनं हात धरून परत आत आणलं होतं. तिच्या माहेरच्या बायकांची ओवी होती, ती म्हणून दाखवली होती:

जाते म्हणू नये लेकी, जातं राहू दे दळायाला
येते म्हणून निघावं, वाट राहते वळायाला

त्या दिवशी नाशकातून मी 'येते' म्हणून निघाले ते असं. परत वळायची वाट आहे असं मात्र वाटत नव्हतं.

घरी नानांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"कळवू म्हणाले."

"बरं," म्हणाले. आईनं वाढलं. रविवारी मी वहीला वर्तमानपत्राचा कागद घातला, वर नाव घातलं नाही, आणि ती धान्याच्या कोठीमागच्या फळीवर ठेवून दिली.

सोमवारी अकराला रामनाथमामा मला दूध संघाच्या कचेरीत घेऊन गेला. साहेबांच्या पाया पडायला लावलं. टाइपरायटरसमोर बसवलं. पहिलं पत्र मिळालं: 'विषय: दुधाचे कॅन गरम पाण्याने धुण्याबाबत.' मी 'विषय' टाइप केलं. दुधाचा आंबूस वास, खिडकीत माश्या, भिंतीवर कालनिर्णय. वाईट काहीच नव्हतं तिथं. मामा दारात उभा राहून मिशीत हसत होता. त्याला किती बरं वाटत होतं! मला वाटलं, हेही होईल. सगळ्याची सवय होते. 'कॅन' टाइप केलं.

तेवढ्यात रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग दारात नाना. खाकीत, काखेला पेटी.

मामा चपापला. "दाजी? ड्यूटीवर असून हिकडं?"

"वैजू, चल," नाना मला म्हणाले. "बोरा शेठच्या दुकानात, तू अर्जात दिलेल्या नंबरवर, फोन आला होता नाशिकचा. तुझ्या आईनं स्टँडवर येऊन सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बाई बोलत होती. म्हणाली, मुलगी येते म्हणाली अन् आली नाही. सर साडेनऊपासून वाट बघतायत."

"नाना, पण ते तर कळवू म्हणाले होते!"

"कळवलंच की," नाना म्हणाले.

मामा मधे आला. "दाजी, मी साहेबांना शब्द दिलाय. पोरगी आज बसली अन् आजच उठली? माझं नाक राहील का या गावात?"

"नाक राहतंय रामनाथ. कुठं जात नाही ते."

"असं कसं? लेखी द्यावं लागंल," आतून साहेब म्हणाले. "हजर झाली तसा राजीनामा द्या."

आता राजीनामा कसा लिहायचा हे कुणालाच येत नव्हतं. मामा रागानं बाहेर जाऊन उभा राहिला. साहेबांनी एक जुनी फाइल शोधली, तीत एकाचा नमुना होता, पण तो सेवानिवृत्त झालेल्याचा. शेवटी मीच टाइप केला. दूध संघातलं माझं पहिलं आणि शेवटचं पूर्ण झालेलं पत्र. कॅन तसेच राहिले. बाहेर हॉर्न वाजतच होता. नाना घड्याळ बघत नव्हते. ते बघत होते माझ्या बोटांकडे. मी टाइप करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"झालं?"

"झालं."

गाडीत माणसं चिडली होती. "कंडक्टर, मधेच सोयरीक जमवली का काय?" मागून एकजण ओरडला. "अहो, नाशिकला कोर्टात तारीख हाय माझी!" पुढच्या बाकावर आई बसली होती, मांडीवर पिशवी. पिशवीत माझे दाखले, एक साडी, आणि ती वही. कोठीमागून तिनं कशी काढली असेल! मला पाहताच ती उठली, मला जागा करून दिली आणि खाली उतरली. रस्त्याच्या कडेला पदर सावरत उभी राहिली. "ये हं," एवढंच म्हणाली. नानांनी दोरी ओढली. टिंग टिंग.

दोन वाजता मी दुसऱ्या मजल्यावर होते. अलकाताई म्हणाल्या, "आला बाई आहेर! बँडबाजा कुठाय?" शेषाद्री सर खोलीतून बाहेर आले. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण आवाजात सुटका.

"तुम्ही येते बोलला. नाइन थर्टीला मी खुर्ची पुसला."

मी म्हणाले, "सॉरी सर, गाडी चुकली."

खुर्ची खरंच पुसलेली होती. टेबलावर ती चाळीस नावांची यादी. त्या दिवशी लाइट होती. संध्याकाळपर्यंत मी ती नावं यंत्रावर लावली. 'ह' झाला, 'क्ष' झाला, आणि सगळ्यांत शेवटी ज्ञानेश्वर आपल्या जागेवर जाऊन बसला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत. मी आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या तासाहून जास्त वेळ कॉम्प्युटरसमोर बसले होते, आणि कुणी म्हणत नव्हतं, ऊठ, आता तिची पाळी.

चिन्मय आठवडाभर मालेगावच्या शाळांना गेला होता. परत आला तेव्हा मला पाहून चष्मा काढला. "यू?" म्हणाला. वर्षभरात तो अमेरिकेला गेला. चांगला होता तसा. सेव्ह करायची सवय त्यानंच लावली मला.

मी तिथं अकरा वर्षं होते. तीन खोल्यांच्या सहा झाल्या, डोळ्यांचा दवाखाना दुसरीकडं गेला, अलकाताईंच्या मुलीच्या लग्नात मी खरोखरचा आहेर घेऊन गेले. मग सरांनी कंपनी आवरायची ठरवली. आई थकली होती त्यांची, सेलमला परतायचं होतं. शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं फायली बांधत होतो. त्यांचं मराठी तोवर सुधारलं होतं. खुर्ची तेवढी अजून पुरुषच होती.

"आहेर, एक कन्फेशन आहे."

"सांगा सर."

"तुला मी सिलेक्ट केलं नव्हतं."

मी हसले. "मग फोन काय डोळ्यांच्या डॉक्टरांनी केला?"

"ऐक ना. त्या शनिवारी मी बोललो, वी विल लेट यू नो. त्याचा अर्थ सगळ्या जगात एकच आहे. नको. आणि तू उभी राहून म्हणालीस, येते! मी परत विचारलं. परत म्हणालीस, येते. मला वाटलं, अरे देवा, या मुलीला समजलंच नाही! हिला वाटतं जॉब मिळाला. गावात जाऊन सगळ्यांना सांगेल. आता हिला नाही कसं म्हणायचं?"

माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"रविवारी दिवसभर बायकोला विचारत होतो. ती म्हणाली, एक महिना ठेवा, मग हळू सांगा. ठीक. सोमवारी खुर्ची पुसला. दहा वाजले, अकरा वाजले, तू नाही! मला इतका राग आला. मी रविवार खराब केला हिच्यासाठी, आणि ही येत नाही? म्हणून फोन करायला लावला."

"आणि 'येते'चा अर्थ कधी कळला?"

"दोन महिन्यांनी. निफाडच्या शाळेचे हेडमास्तर आले, चहा घेतला, येतो म्हणून गेले. मी अलकाताईंना म्हणालो, आणखी एक कप ठेवा, ते येतायत. पाऊण तास वाट बघितली. मग त्यांनी मला शिकवलं. इतक्या हसल्या, खुर्चीवरून पडायच्या राहिल्या."

"तेव्हाच सांगायचं ना मला."

सरांनी फाइलवरची धूळ फुंकली. "काय सांगू? की तुला ग्रामरनं घेतलं? तू तेव्हा निकालाचा सगळा प्रोग्राम नव्यानं लिहीत होतीस. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, चूक झाली सर. आणि वही घेऊन उठली असतीस."

उठले असते. तशीच होते मी.

त्या रविवारी मी चांदवडला गेले. नाना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. शेजारी बसून मी सगळं सांगितलं. नको कसं होतं, येते कसं झालं, हेडमास्तर, चहाचा कप. नाना हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आईला हाक मारून परत सगळं सांगायला लावलं.

मग शेंग फोडता फोडता म्हणाले, "म्हणजे माझा मेमो फुकटच म्हणायचा."

"कसला मेमो?"

"डेपोनं दिला होता. त्या दिवशीचा. थांबा नसताना गाडी अठरा मिनिटं उभी केली म्हणून. कोर्टाच्या तारखेवाल्यानं तक्रारवहीत लिहून दिलं होतं. साहेबानं लेखी खुलासा मागितला."

अकरा वर्षांत एका शब्दानं नाहीत बोलले. मी आईकडं पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

"मग काय लिहिलंत?"

"खरं तेच लिहिलं," नानांनी दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "एक प्रवासी मागं राहिला होता."